ख्रिस्ती साधनेचें प्रयोजन

उपवासाच्या दिवशीं घरांतील वातावरण कसें असतें, हें प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. एखाद्या घरीं उपवास करणाऱ्याचें मन त्या दिवशीं हलकें व प्रसन्न असतें. त्याच्या बोलण्यांत एरवींपेक्षां अधिक गोडवा येतो. दुसऱ्या एखाद्या घरीं मात्र दुपारपासूनच मुलें दबकत वावरूं लागतात. कारण उपवास करणाऱ्याचा पारा चढलेला असतो, आणि त्याच्या व्रताचें ओझें सर्वांनाच वाहावें लागतें. नियम दोन्ही घरीं सारखाच पाळला गेला, अन्न सारखेंच वर्ज्य झालें. पण एकाच्या उपवासानें घर उजळलें आणि दुसऱ्याच्या उपवासानें तें काळवंडलें. मग उपवास दोघांनाही सारखाच फळला, असें म्हणतां येईल काय? आणि तसें म्हणतां येत नसेल, तर नियम पाळणें ही एक गोष्ट व त्या नियमाचा हेतु सफल होणें ही दुसरी गोष्ट, असें मानणें प्राप्त होतें.

ख्रिस्ती धर्मांत प्रार्थना, उपवास, दानधर्म, शास्त्रवाचन, मौन, एकांत, जागरण, पापांची कबुली अशा अनेक साधना पूर्वापार चालत आल्या आहेत. त्या कशासाठीं आहेत? देवाची मर्जी संपादन करण्यासाठीं? पापाचें ऋण फेडण्यासाठीं? कीं देहाला शिक्षा करण्यासाठीं? हा प्रश्न जुना आहे. आणि त्याचें अत्यंत स्पष्ट असें एक उत्तर सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं ईजिप्तच्या वाळवंटांत दिलें गेलें. ज्यांनीं तें दिलें, त्यांनीं आपलें सारें आयुष्य या साधनांतच वेचलें होतें. म्हणूनच साधनेचें महत्त्व सांगण्याचा आणि तिच्या मर्यादाही सांगण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता.

इ. स. ३१३ मध्यें रोमन साम्राज्यांत ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. छळाचे दिवस मागें पडले. ज्या धर्मासाठीं कालपर्यंत प्राण द्यावे लागत, तो स्वीकारल्यानें आतां प्रतिष्ठा मिळूं लागली. धर्म असा सुलभ झाला, तेव्हां कित्येक स्त्रीपुरुषांना तो पुन्हां संपूर्ण मनानें आचरावा असें वाटूं लागलें, आणि ते नगरें सोडून वाळवंटांत जाऊन राहूं लागले. त्यांचा अग्रणी अंतोनी हा तर त्यापूर्वींच एकांतांत गेला होता; त्यानें ३५६ सालीं देह ठेविला. खजुरीच्या पानांच्या चटया व टोपल्या विणाव्या, त्यांवर उदरनिर्वाह करावा, स्तोत्रें म्हणावीं, अल्प आहार घ्यावा आणि रात्रीचा बराच भाग जागून प्रार्थना करावी, असा त्यांचा जीवनक्रम असे. नील नदीच्या मुखप्रदेशाच्या पश्चिमेस असलेलें स्केटिसचें वाळवंट अशा तपस्व्यांसाठीं विशेष प्रसिद्ध होतें.

त्या शतकाच्या अखेरच्या काळांत दोन तरुण मित्र बेथलेहेमच्या एका मठांतून स्केटिसला आले. एकाचें नांव योहान कॅसियन आणि दुसऱ्याचें जर्मेनस. तेथील वृद्धांची वचनें ऐकावीं आणि सिद्धीचा मार्ग समजून घ्यावा, ही त्यांची आकांक्षा होती. पुढें अनेक वर्षांनीं कॅसियन फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेल्स नगरांत स्थायिक झाला, तेथें त्यानें मठ स्थापिले आणि ईजिप्तमध्यें ऐकलेल्या उपदेशाचे चोवीस संवाद लॅटिन भाषेंत लिहून ठेविले. त्यांतील पहिलाच संवाद प्रस्तुत प्रश्नाविषयीं आहे.

अब्बा मोशे नांवाच्या एका वृद्ध तपस्व्याकडे हे दोघे मित्र गेले. अब्बा म्हणजे बाप. वाळवंटांतील गुरुजनांना ही पदवी आदरानें लावीत. मोशेनें त्यांनाच उलट प्रश्न केला. घरदार, आप्तइष्ट, देश हें सर्व सोडून तुम्ही एवढ्या दूर आलां, उपाशी राहतां, रात्री जागवितां, तें कशासाठीं? दोघांनीं उत्तर दिलें, देवाच्या राज्यासाठीं. मोशेला हें उत्तर मान्य झालें. परंतु त्याचें समाधान झालें नाहीं. देवाचें राज्य हें शेवटचें साध्य खरें; पण तेथें पोंचण्यासाठीं आज, या घटकेला, नेम कशावर धरावयाचा, असें त्यानें पुन्हां विचारलें. दोघांनाही उत्तर देतां आलें नाहीं.

तेव्हां मोशेनें त्यांना शेतकऱ्याचा दाखला दिला. शेतकऱ्याला अखेर हवें असतें तें भरघोस पीक. परंतु उन्हांत आणि थंडींत राबतांना त्याचें लक्ष असतें तें जमिनीवर. कांटेकुटे काढावे, ढेकळें फोडावीं, तण उपटावें आणि शेत स्वच्छ करावें, हा त्याचा जवळचा नेम. शेत स्वच्छ झाल्याशिवाय पीक येणार नाहीं, हें तो जाणतो. तीच गोष्ट तिरंदाजाची. त्याला बक्षीस हवें असतें. पण बाण सोडतांना तो बक्षिसाकडे पाहत नाहीं, लक्ष्याकडे पाहतो. लक्ष्यच डोळ्यांपुढें नसेल, तर प्रत्येक बाण सारखाच व्यर्थ जातो, आणि आपण किती चुकलों हेंही त्याला कळत नाहीं. साधकाचें देवाचें राज्य हें पीक. आणि स्वच्छ करावयाचें शेत म्हणजे त्याचें हृदय. हृदयाची शुद्धता हा जवळचा नेम. मोशेच्या मतें ही शुद्धता व प्रीति यांत भेद नाहीं. राग, मत्सर, गर्व व लोभ यांपासून मोकळें झालेलें मन म्हणजेच प्रेम करूं शकणारें मन.

येथें आपल्या भाषेंतील साधन व साध्य हे दोन शब्द फार उपयोगी पडतात. उपवास, जागरण, वाचन, एकांत हीं सारीं साधनें; हृदयाची शुद्धता हें साध्य. नांगर कितीही उत्तम असला, तरी त्याला कणसें लागत नाहींत. शेतकऱ्यानें नांगराला रोज तेलपाणी करावें, त्याची पूजा करावी, शेजाऱ्याच्या नांगरापेक्षां आपला किती भारी आहे हें चारचौघांत सांगावें, आणि शेत मात्र तसेंच पडूं द्यावें, तर त्याला शहाणा कोण म्हणेल? परंतु धर्माच्या क्षेत्रांत नेमका हाच प्रकार वारंवार घडतो, आणि तो करणारा मनुष्य पुष्कळदां फार प्रामाणिक असतो.

मोशेनें याचें जें उदाहरण दिलें, तें मानवी स्वभावाची मोठी मार्मिक ओळख करून देणारें आहे. कांहीं लोकांनीं सोनेंनाणें, जमीनजुमला, मोठमोठीं वतनें यांवर सहज पाणी सोडलें आणि ते वाळवंटांत आले. पुढें तेच लोक एखाद्या चाकूसाठीं, सुईसाठीं, लेखणीसाठीं संतापानें लाल झालेले दिसत. कोणी आपला ग्रंथ इतका जपत, कीं दुसऱ्यानें त्याला स्पर्शही केलेला त्यांना खपत नसे. ज्या ग्रंथापासून क्षमा शिकावयाची, तोच भांडणाचें निमित्त होई. असे लोक त्यागी नव्हते असें नाहीं. त्यांनीं मोठा त्याग केला होता. पण त्याग कशासाठीं करावयाचा, हें त्यांच्या नजरेंतून निसटलें होतें. आसक्ति वाड्यांतून उठली आणि चाकूच्या मुठींत येऊन बसली.

कॅसियननें हें दुसऱ्यांना हिणविण्यासाठीं लिहिलें नाहीं. मठवासीयांच्या नियमांवरील आपल्या दुसऱ्या ग्रंथांत त्यानें स्वतःचाच अनुभव प्रांजळपणें नमूद केला आहे. तो एकांतांत राहत होता, तेव्हां राग यावा असें जवळ कोणी माणूस नव्हतें. तरीही बोरूचें टोंक मनासारखें नसलें, चाकू बोथट निघाला, किंवा चकमकीची ठिणगी लवकर पडली नाहीं, कीं त्या निर्जीव वस्तूंवर त्याचा राग उसळत असे. एकांतानें त्याचा राग नाहींसा केला नव्हता. राग लोकांमुळें येत नसून तो आपल्या आंतच आहे, एवढेंच एकांतानें त्याला दाखवून दिलें.

साधनेचें पहिलें कार्य हेंच होय. ती मनुष्याला स्वतःचें दर्शन घडविते. पोट भरलेलें असतांना शांत वाटणारा मनुष्य खरोखर शांत आहे, कीं केवळ तृप्त आहे, हें भूक लागल्यावर समजतें. मौन धरल्याखेरीज आपल्याला बोलण्याची किती हांव आहे, हें ध्यानांत येत नाहीं. दान देण्याची वेळ आली, कीं पैशाची पकड किती घट्ट आहे तें हाताला जाणवतें. उपवासाच्या दिवशीं जो राग वर येतो, तो उपवासानें निर्माण केलेला नसतो. तो तळाशीं होताच. तो दिसला, हा लाभच आहे. परंतु दिसल्यावर त्याला उपटून टाकण्याऐवजीं, मी उपाशी आहें, मला बोलूं नका, असें म्हणून त्याचेंच कौतुक करण्यांत आलें, तर तो लाभ हातचा जातो.

साधनेचें दुसरें कार्य मनाला योग्य खाद्य देण्याचें. यासाठीं मोशेनें पाणचक्कीची उपमा योजिली आहे. पाण्याच्या जोरानें जातें फिरतच राहतें. तें थांबविणें चक्कीवाल्याच्या हातीं नसतें. पण त्यांत गहूं घालावा, जव घालावे, कीं निरुपयोगी तणाचें बीं घालावें, हें त्याच्या हातीं असतें. मनाचेंही तसेंच आहे. विचार येऊंच नयेत असें म्हणून ते थांबत नाहींत. परंतु त्यांना काय दळावयास द्यावें, हें मनुष्य ठरवूं शकतो. शास्त्रवाचन, स्तोत्रपठण व प्रार्थना यांचा उपयोग येथें होतो. दुसऱ्या एका संवादांत अब्बा इसहाक यानें देवाचें साहाय्य मागणारें एक लहानसें स्तोत्रवचन दिवसभर, काम करितांना, चालतांना, झोंपतांना मनांत घोळवीत राहण्यास सांगितलें आहे. नामस्मरणाची महती ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रीय श्रोत्यांना या साधनेचें मर्म निराळें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां प्रश्न असा येतो, कीं साधन आणि साध्य यांत विरोध उत्पन्न झाला तर काय करावें? ईजिप्तच्या वृद्धांनीं याचें उत्तर आचरणानेंच दिलें. कॅसियन व जर्मेनस तेथें फिरत असतां एक गोष्ट पाहून चकित झाले. ते जेथें जात, तेथें यजमान आपला नित्याचा उपवास बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर जेवावयास बसत. एका वृद्धाला त्यांनीं याचें कारण विचारलें. त्यानें सांगितलें, कीं उपवास हा सदैव आपल्यापाशींच आहे. पाहुणे मात्र थोड्या वेळानें निघून जाणार. उपवास उपयुक्त असला तरी तो ऐच्छिक आहे. प्रीति ही तर देवाची आज्ञा आहे. पाहुण्याच्या रूपानें ख्रिस्तच दाराशीं येतो, त्याला जेवूं घालावें, आणि तो गेल्यावर उपवास अधिक कसोशीनें करून भरपाई करावी. एका वृद्धानें तर एकाच दिवशीं निरनिराळ्या पाहुण्यांसाठीं सहा वेळां पान मांडिलें, प्रत्येक वेळीं त्यांना सोबत म्हणून स्वतःही खाल्लें, आणि तरीही त्याची भूक शिल्लक होती. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असें थट्टेनें म्हणतात. येथें थट्टेला जागा नव्हती, कारण खाणें हेंच त्या दिवशींचें तप झालें होतें.

मोशेनें यावरून एक कसोटी सांगितली. योग्य व आवश्यक कारणासाठीं एखादा नियम मोडावा लागला आणि त्यामुळें मनुष्य खिन्न झाला किंवा चिडला, तर त्याचा नेम चुकला असें समजावें. उपवासापासून होणारा लाभ हा रागापासून होणाऱ्या हानीपेक्षां लहान असतो. वाचनापासून जें मिळतें, तें एका बंधूला तुच्छ लेखल्यानें जें जातें त्याच्या तोडीचें नसतें. साधकाची परीक्षा नियम सुरळीत चालू असतांना होत नाहीं. नियमांत व्यत्यय येतो, तेव्हां ती होते.

या कसोटीकडे दुर्लक्ष झाल्यास परिणाम किती भयंकर होतो, हें सांगणारी हेरोन या वृद्धाची हकीकत मोशेच्याच दुसऱ्या संवादांत आली आहे. हेरोननें पन्नास वर्षें वाळवंटांत काढलीं होतीं. त्याच्याइतकें कडक व्रत आणि त्याच्याइतका एकांत दुसऱ्या कोणीं क्वचितच पाळला असेल. पुनरुत्थानाच्या सणाला सर्व तपस्वी आपापल्या झोंपड्यांतून येऊन मंदिरांत एकत्र जमत व मिळून जेवत. हेरोन मात्र येत नसे. आपण त्यांच्याबरोबर थोडी डाळ खाल्ली, तर आपल्या नियमांत शैथिल्य आलें असें दिसेल, अशी त्याला भीति वाटे. वृद्धांचा विचार घेणें त्यानें सोडून दिलें. स्वतःच्या निर्णयावर तो विसंबूं लागला. अखेर सैतान त्याच्यापुढें देवदूताच्या रूपानें आला, आणि हेरोननें त्याला वंदन केलें. आपल्या पुण्याईमुळें आपल्याला कोणतीही इजा होणार नाहीं, अशी त्याची खात्री पटली, आणि त्यानें मध्यरात्रीं एका खोल विहिरींत उडी घेतली. बांधवांनीं मोठ्या कष्टानें त्याला अर्धमेल्या स्थितींत वर काढलें. तिसऱ्या दिवशीं तो वारला. मरतां मरतांही आपण फसलों हें त्याला पटलें नाहीं. त्याला आत्मघातकी समजून त्याच्यासाठीं प्रार्थना व अर्पण करूं नये, अशा विचारापर्यंत मठाचा पुरोहित आला होता. मोठ्या मिनतवारीनें त्याचें मन वळलें.

हेरोनच्या दुर्दैवाचें मूळ विहिरींत नव्हतें. तें सणाच्या पंगतींत होतें. बांधवांबरोबर डाळीचे चार घांस खाण्यापेक्षां ज्याला स्वतःचा नियम मोठा वाटला, त्याच्या साधनेंतून प्रीति तेव्हांच निघून गेली होती. मोशेनें या हकीकतींतून काढलेला बोध विवेकाचा आहे. अति उपवास आणि अति भोजन यांचा शेवट एकच होतो, कारण दोन्ही मनुष्याला दुबळें करून सोडतात. आणि विवेक एकट्यानें येत नाहीं; आपले विचार दुसऱ्यापुढें उघडे करण्याच्या नम्रतेंतून तो येतो. संत बेनेदिक्त यानें सहाव्या शतकांत आपल्या मठांसाठीं जे नियम घालून दिले, त्यांत हा बोध पुरता उतरला आहे. पुनरुत्थानाच्या सणापूर्वींच्या उपवासकाळांत कोणाला अधिक व्रत करावयाचें असेल, तर त्यानें आधीं मठाधिपतीची संमति घ्यावी; संमतीवांचून केलेलें व्रत पुण्य न ठरतां गर्वांत जमा होईल, असें तो सांगतो. सायंकाळच्या भोजनानंतर बंधूंनीं एकत्र बसावें आणि कॅसियनचे संवाद वाचून घ्यावे, असेंही त्यानें ठरविलें.

एक आक्षेप राहतो, आणि तो लहान नाहीं. तारण ही देवाची कृपा असेल, तर मनुष्याच्या या खटपटीचें प्रयोजन काय? मार्टिन लूथर १५०५ सालीं एर्फुर्ट येथील मठांत गेला आणि कडक उपवास, जागरणें व पापांची कबुली यांनीं शांति मिळविण्यासाठीं त्यानें देह झिजविला. ती मिळाली नाहीं. साधना ही देवापुढें मांडावयाची कमाई नव्हे, हें पुढें त्यानें ठासून सांगितलें. १५२२ सालीं झुरिक नगरांत उपवासकाळांत एका मुद्रकाच्या घरीं मुद्दाम मांसाहार करण्यांत आला, आणि धर्मोपदेशक झ्विंग्ली यानें त्या कृत्याचें समर्थन केलें. शास्त्रांत नसलेलें बंधन कोणीं कोणावर लादूं नये, हा त्याचा मुद्दा होता. परंतु याच लूथरनें १५२९ च्या आपल्या लघु प्रश्नोत्तरीमध्यें उपवास हें चांगलें बाह्य वळण आहे हें मान्य केलें आहे. त्याचा आक्षेप नांगरावर नव्हता. नांगर दाखवून पिकावर हक्क सांगण्यावर होता.

वाळवंटांतील वृद्धांनाही हा भेद परिचित होता. जर्मेनसनें असा प्रश्न काढला होता, कीं शेतकऱ्याचें पीक तर त्याच्या श्रमानेंच येतें ना? त्यावर खैरेमोन या वृद्धानें उत्तर दिलें, कीं शेतकऱ्यानें कितीही राबावें, पाऊस त्याच्या हातीं नाहीं. बैल, बळ आणि ऋतु हेंही सर्व त्याला मिळालेलेंच आहे. पण म्हणून तो हात जोडून बसला, तर आलेला पाऊसही तणच वाढवील. साधना कृपेला ओढून आणीत नाहीं. आलेली कृपा मुरावी म्हणून ती जमीन भुसभुशीत ठेवते.

हें सर्व वाळवंटांतील तपस्व्यांपुरतेंच आहे, असें कोणाला वाटेल. तसें तें नाहीं. येशूनें डोंगरावर उपदेश केला, तो संन्याशांच्या मेळाव्याला नव्हे. कोळी, शेतकरी, संसारी स्त्रीपुरुष यांनाच त्यानें सांगितलें, कीं दान गुप्तपणें करावें, प्रार्थना दार लावून करावी, आणि उपवास करणाऱ्यानें तोंड धुवून डोक्याला तेल लावावें, म्हणजे उपवास आहे हें लोकांना दिसणार नाहीं. त्याच्या पूर्वीं कित्येक शतकें यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत भुकेल्याला आपली भाकर वांटून देणें हाच देवाला आवडणारा उपवास म्हटला आहे. गृहस्थाश्रमांत तर पाहुणा रोजच दाराशीं असतो. तो कधीं रडणारें मूल असतो, कधीं म्हातारी आजारी आई असते, कधीं नको त्या वेळीं आलेला शेजारी असतो. प्रार्थनेला बसलेल्या आईला मुलाच्या हांकेनें उठावें लागलें, तर तिची प्रार्थना मोडली असें होत नाहीं. ती कपाळाला आठी न घालतां उठली असेल, तर प्रार्थनेचें फळ तिच्या पदरांत पडलेंच.

नियमाला ढिलाई हवी असेंही यांतून निघत नाहीं. सहा वेळां पान मांडणारा तो वृद्ध उपवास विसरला नव्हता. आयुष्यभर उपवास केला होता म्हणूनच त्याला तो इतक्या सहज बाजूला ठेवतां आला. संवादांपैकीं अखेरच्या संवादांत प्रेषित योहानाविषयीं एक कथा सांगितली आहे. तो एका तित्तिर पक्ष्याला कुरवाळीत बसला होता. एका शिकाऱ्यानें तें पाहिलें, आणि एवढ्या थोर पुरुषानें अशा करमणुकींत वेळ दवडावा याचें त्याला नवल वाटलें. योहानानें त्याला विचारलें, कीं तुझ्या हातांतलें धनुष्य तूं सदा ताणलेलें कां ठेवीत नाहींस? सदा ताणलें तर त्याचा जोर जाईल आणि नेमक्या वेळीं तें निकामी ठरेल, असें शिकाऱ्यानें सांगितलें. मनाचेंही तसेंच आहे, असें योहान त्याला म्हणाला. धनुष्य उतरून ठेवावें तें पुन्हां चढविण्यासाठीं. आणि चढवावें तें लक्ष्य वेधण्यासाठीं.

मोशेच्या शिकवणीप्रमाणें उपवास, जागरण, वाचन, एवढेंच काय, दयेचीं कामें देखील या जगापुरतींच आहेत. जेथें कोणी भुकेला नाहीं, तेथें अन्नदानही उरणार नाहीं. प्रीति मात्र उरते. सायंकाळीं उपवास सोडतांना आज काय खाल्लें नाहीं, याचा हिशोब प्रत्येकजण सहज करतो. त्याच वेळीं आज घरांत कोणाला दुखविलें काय, आणि दुखविलें असल्यास पान वाढण्यापूर्वीं त्याची क्षमा मागितली काय, एवढा एक हिशोब अधिक केला, तर त्या दिवसाचा उपवास कारणीं लागला असें समजण्यास हरकत नाहीं.